मोटारीचे न्हाणे

धूळ ही यवतमाळ जिल्ह्याची जुनी सोबतीण आहे. पावसाळ्यात जी काळी माती चाकांना घट्ट बिलगते, तीच उन्हाळ्यात भेगाळते, चाकांखाली दळली जाते आणि वाऱ्यावर उधळते. दारव्हा-दिग्रसच्या बाजूने आलेल्या वाहनावर तिचा राखट थर चढलेला असतो. वणीकडे तिच्यात दगडी कोळशाची भुकटी, चुनखडीचे पीठ आणि वालुकाश्माचे कण मिसळतात. पांढरकवड्याहून निघालेली शुभ्र मोटार यवतमाळास पोहोचेपर्यंत आपला मूळ रंग जणू विसरून जाते.

अशी मोटार अंगणात येऊन उभी राहिली की तिच्या धन्याला चैन पडत नाही. दाराआड खुंटीवर एक फडके लटकत असते. ते उचलून तो टपावरून, दारांवरून, बॉनेटवरून खसाखसा फिरवतो. दोन मिनिटांत फडके मळते आणि मोटार चकाकू लागते. धन्याला समाधान वाटते. परंतु काही महिन्यांनी एखाद्या सकाळी कोवळे ऊन तिरपे पडते आणि टपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेषा दिसू लागतात. धनी चकित होतो. काटेरी झुडपाजवळून त्याने कधी मोटार नेलेली नसते. मग या रेषा ओढल्या कोणी?

त्या त्यानेच ओढलेल्या असतात. रोज थोड्या थोड्या, आणि मोठ्या मायेने.

मोटारीचा रंग दिसतो तसा कणखर नसतो. पत्र्यावर आधी अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक लेप अशी त्याची रचना असते. हे सारे थर मिळूनही जाडी भरते ती एक मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. वरचा पारदर्शक लेप तर डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. धुळीचा कण मात्र दिसतो तितका गरीब नसतो. 1812 साली फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांच्या कठीणपणाची एक श्रेणी तयार केली. तीत सर्वांत मऊ शंखजिऱ्याला 1 आणि सर्वांत कठीण हिऱ्याला 10 हा क्रमांक आहे. माणसाचे नख अडीचच्या जवळपास येते, काच साडेपाचच्या जवळपास आणि वाळूतील गारेचा कण 7 वर. जो कण काचेवर चरा पाडू शकतो, तो त्या नाजूक लेपाची काय गत करील!

तरीही दोष एकट्या धुळीचा नाही. धूळ रंगावर नुसती बसून असते तोवर ती ओरखडा काढीत नाही. फडके तिला दाबते आणि फरफटत नेते, तेव्हा तिचा प्रत्येक कण लेखणी होऊन रेघ ओढतो. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. मऊ सुती कापडाला येथे तोटा नाही. पण कापड मऊ असले तरी त्यात अडकलेला खडा मऊ होत नाही. त्या रेषा गोलाकार दिसतात, हाही डोळ्यांचा एक खेळच आहे. वास्तविक त्या सर्व दिशांना धावत असतात. परंतु ज्यांच्यावरून परतलेला प्रकाश डोळ्यांत शिरतो तेवढ्याच उजळतात, आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कडी पडल्याचा भास होतो.

याला उपाय एकच: आधी पाणी. आणि पाणी म्हटले की या जिल्ह्याला विचार करावा लागतो. यवतमाळ शहराची तहान भागवणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे पावसावर अवलंबून आहेत. 2018 च्या उन्हाळ्यात शहराने पाणीटंचाईचे तीव्र चटके सोसले. पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लागलेल्या असताना मोटारीवर नळी सोडणे कोणत्याही शहाण्या माणसाला शोभणार नाही. मग अनेक जण कोरड्या फडक्याचा आश्रय घेतात, आणि पाणी वाचवताना रंग गमावतात. खरे तर अशा वेळी आरशा-काचा तेवढ्या ओल्या कापडाने टिपून घ्याव्यात आणि बाकीची धूळ खुशाल राहू द्यावी. धुळकट मोटार पुढे धुता येते. ओरखडलेली मोटार नुसती धुऊन पूर्ववत होत नाही.

दसऱ्याच्या सुमारास मात्र पावसाळा नुकताच सरलेला असतो. त्या दिवशी नांगरापासून मोटारीपर्यंत सर्व साधनांची पूजा व्हायची असते. सकाळीच कडुनिंबाच्या सावलीत मोटार उभी केली जाते. कारण तापलेल्या पत्र्यावर साबणाचे पाणी क्षणात वाळते आणि डाग धरते. दोन बादल्या भरल्या जातात. एकीत गाडी धुण्याचा सौम्य साबण, दुसरीत नुसते पाणी. प्रथम तांब्यातांब्याने पाणी टपावरून सोडायचे, म्हणजे माती भिजून आपल्या पायाने खाली उतरते. मग मऊ कापड साबणाच्या पाण्यात बुडवून वरून खाली, सरळ आणि हलक्या हाताने फिरवायचे. प्रत्येक खेपेला ते आधी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यायचे, म्हणजे सुटलेले कण पुन्हा रंगावर जात नाहीत. चाकांचे कापड निराळे, आणि चाके सर्वांत शेवटी.

अशाच एखाद्या अंगणात वडिलांच्या हाताखाली धाकटी लेक उभी असते. उत्साहाच्या भरात तिच्या हातून कापड जमिनीवर पडते. ती ते चटकन उचलून झटकते.

"बाबा, नुसते खाली पडले होते. झटकले, झाले स्वच्छ!"

"झटकल्याने माती पडते, बेटा, रुतलेला खडा पडत नाही," वडील म्हणतात. "ते बाजूला ठेव. दुसरे घे."

"एवढ्याशा खड्याने काय होते?"

वडील काही बोलत नाहीत. तिचा हात धरून ते तिला उन्हाच्या बाजूला नेतात आणि दारावरचा एक जुना चरा दाखवतात. मुलगी त्यावरून बोट फिरवते आणि मुकाट्याने दुसरे कापड घेते.

जवळच ओट्यावर आजोबा बसलेले असतात. त्यांना यात नवे काहीच वाटत नाही. पोळ्याला बैल नदीवर नेला, तर तोही आधी पाण्यात उभा करीत. अंगावरची माती भिजू देत, मग तळहाताने चोळीत. वाळलेला चिखल कोणी खरवडून काढीत नसे. आदल्या दिवशी जुवाने घासलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावीत. वर्षभर ओझे वाहणाऱ्याला न्हाऊ घालताना हात हलकाच हवा, हे त्या पिढीला पुस्तकावाचून ठाऊक होते.

न्हाणे झाले की कोरड्या, स्वच्छ कापडाने पाणी टिपून घ्यायचे आणि मग मेणाचा हात द्यायचा. या कामासाठी नावाजलेले मेण ईशान्य ब्राझीलमधील कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवर तयार होते. त्या कोरड्या मुलखात अंगातील ओलावा उडून जाऊ नये म्हणून ते झाड आपल्या पानांवर मेणाचे पांघरूण घेते. पाने वाळवून, झोडपून ते मेण काढतात. हे मेण थोडेसेच घ्यावे आणि पातळ पसरावे. थर जाड दिल्याने चमक वाढत नाही, पुसण्याचे कष्ट तेवढे वाढतात. ते धुरकट दिसू लागले की निर्मळ कापडाने हळुवार पुसावे. मेण जुने ओरखडे बुजवून टाकीत नाही. ते रंगाला काही आठवडे किंवा महिने आवरण देते. अळूच्या पानावरही निसर्गाने असेच मेण चढवलेले असते. म्हणूनच अळवावरचे पाणी ठरत नाही, आणि मेण लावलेल्या मोटारीवरूनही थेंब मोत्यांसारखे घरंगळून जातात.

जगात धूळ कशावर बसत नाही? जुन्या तसबिरीवर बसते, देवघरातील मूर्तीवर बसते, कधी कधी माणसामाणसांतील स्नेहावरही बसते. ती काढावी हे खरेच. परंतु घाईने चोळली तर धुळीबरोबर मूळचे तेजही जाते. आधी ती भिजू द्यावी लागते, आणि भिजण्याला वेळ लागतो.

संध्याकाळी आपट्याची पाने वाटून मोटार घरी परतते तेव्हा झेंडूच्या माळेखाली पुन्हा धुळीचा पातळ थर असतो. सवयीने कोणाचा तरी हात खुंटीवरच्या फडक्याकडे जातो. इतक्यात धाकटी लेक म्हणते, "राहू द्या हो, बाबा. उद्या पाणी घालू."