बॅटरीचें कुलशील

एका मुठींत सहज मावणाऱ्या वस्तूनें आमच्या एकत्र कुटुंबांत आठ दिवस वाद माजविला, असें सांगितलें तर वाचकांस हंसूं येईल. ती वस्तु म्हणजे कॅमेऱ्याची बॅटरी. कॅमेरा ज्या कंपनीचा तिच्याच नांवाची बॅटरी घ्यावी, कीं त्याच मापाची दुसऱ्या कोणाची चौथाई किंमतींत मिळते ती घ्यावी, एवढाच काय तो प्रश्न. परंतु ह्या क्षुल्लक प्रश्नाचें उत्तर एकदां आम्हीं घाईनें देऊन टाकलें, आणि त्यापायीं जें गमावलें तें रुपयांत मोजतां येण्यासारखें नाहीं. म्हणून ही हकीकत.

आमच्या थोरल्या बंधूंच्या नातवापाशीं कॅनन कंपनीचा ईओएस १३००डी हा कॅमेरा आहे. त्यास एलपी-ई१० ह्या नांवाची बॅटरी लागते. कंपनीच्या बॅटरीवर ७.४ व्होल्ट आणि ८६० मिलिअँपिअर-तास असे दोन आकडे असतात. पहिला विजेचा दाब सांगतो. दुसरा, समईंत तेल किती मावतें तें सांगतो, असें समजावें. कांहीं वर्षांच्या वापरानें मूळची बॅटरी थकली. इ. स. २०२३ च्या मार्गशीर्षांत बंधूंचें सहस्रचंद्रदर्शन व्हावयाचें होतें. तेव्हां नवी बॅटरी आणण्याचें काम आम्हीं आपण होऊन अंगावर घेतलें.

दुकानदारानें दोन बॅटऱ्या पुढें ठेवल्या. एक कंपनीची, दुसरी कोणा परक्याची, किंमत चौथाई, आणि तिच्यावर ८६० च्या जागीं १५०० हा आकडा छापलेला! आम्ही जन्मभर मास्तरकी केलेली. काटकसर हाडींमासीं खिळलेली. निम्म्याहून कमी पैशांत दुपटीच्या जवळपास वीज मिळत असतां केवळ नांवासाठीं पैसे कां मोजावे? आम्ही दुसरी घेऊन विजयी मुद्रेनें घरीं आलों. नातवानें ती उलटसुलट पाहिली आणि विचारलें, “आजोबा, डबी तेवढीच आहे. मग हिच्यांत जवळजवळ दुप्पट वीज मावली कशी?” प्रश्न शहाणपणाचा होता. शाळेंत एखाद्या मुलानें असा प्रश्न विचारला असता तर आम्हीं त्याची पाठ थोपटली असती. घरांत मात्र “तुमची पिढी नांवाला भुलते” असें म्हणून आम्हीं त्यास गप्प बसविलें.

समारंभाच्या सकाळीं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बॅटरी भरलेली दिसत होती. विधि चालू असतां कोणीं मोबाइल बाहेर काढूं नये, फोटो एकट्या नातवानेंच काढावे, अशी आज्ञाहि आम्हींच दिली होती. आमच्या अक्का नागपुराहून आल्या होत्या. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें कित्येक वर्षें त्यांचा प्रवास बंद होता. भावासाठीं म्हणून त्या आल्या. होमहवन झालें. अक्कांनीं निरांजन लावलें, ताम्हन उचललें आणि त्या भावास ओवाळावयास उभ्या राहिल्या. बंधूंसारख्या कठोर माणसाच्या डोळ्यांस पाणी आलें. नातवानें कॅमेरा डोळ्यास लावला आणि पडदा काळा झाला. क्षणापूर्वीं भरलेली दिसणारी बॅटरी रिकामी! कोणी आंतल्या खोलींतून मोबाइल आणीपर्यंत ओवाळणें आटोपलें होतें. दुसऱ्या दिवशीं अक्का परत गेल्या आणि पुढच्या चैत्रांत त्यांचें देहावसान झालें.

नातवानें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. त्यानें मागाहून त्या बॅटरीची परीक्षा मात्र केली. मूळची बॅटरी नवी असतां जितके फोटो निघत, त्यांच्या तिसऱ्या हिश्श्यासहि ही पुरेना. आंतला प्रकार त्यानें आम्हांस समजावून दिला. ह्या डबींत लिथियम-आयन जातीचे दोन विद्युत्-घट एकामागें एक जोडलेले असतात. त्यांच्यावर पहारा ठेवणारें एक लहानसें मंडल असतें. वीज प्रमाणाबाहेर भरूं लागली, प्रमाणाबाहेर उपसली जाऊं लागली, किंवा दोन्ही टोकें एकमेकांस भिडलीं, तर त्यानें प्रवाह तोडावयाचा. शिवाय कित्येक बॅटऱ्यांत एक चिप असते. ती आपली स्थिति कॅमेऱ्यास कळवीत असते. परक्या बॅटरीला ही भाषा नीट येत नसेल तर कॅमेऱ्यास चुकीची वार्ता मिळते. कॅमेऱ्याची आंतली आज्ञावली नवी केल्यावर कालपर्यंत चालणारी परकी बॅटरी आज ओळखली जात नाहीं, असेंहि घडतें. स्वस्तपणा साधावयाचा तर ह्या न दिसणाऱ्या गोष्टींतच काटछाट करणें सर्वांत सोपें.

इ. स. २०२४ च्या दिवाळीपूर्वी पुन्हां बॅटरी घेण्याचा विषय निघाला आणि आरंभीं सांगितलेला वाद माजला. पोळलेल्या माणसाप्रमाणें आम्हीं दुसरें टोक धरलें: कंपनीच्या नांवावांचून दुसरी बॅटरी ह्या घरांत येतां कामा नये! त्यावर आमचे धाकटे चिरंजीव म्हणाले, “बाबा, नांवावर तरी एवढी भिस्त कां ठेवावी? २००६ सालीं डेल ह्या नामांकित कंपनीनें लॅपटॉपच्या एकेचाळीस लाख बॅटऱ्या परत मागविल्या. आंतले घट सोनीचे होते. आणि लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली ती ह्याच सोनीनें. २०१२ सालीं निकॉनलाहि आपल्या ईएन-ईएल१५ ह्या बॅटरीचे कांहीं गट परत घ्यावे लागले.” ह्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

तें उत्तर स्वयंपाकघरांतून आलें. आमच्या सौभाग्यवती भाजी निवडीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, कुकरचा दांडा मी बाजारांतला कोणाचाहि बसवितें. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र कंपनीचाच घेतें. दांडा सैल झाला तर हाताला कळतो. व्हॉल्व्ह खोटा आहे हें कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि चुकून वाईट निघालाच, तर जाब कोणाला विचारायचा तें तरी ठाऊक असतें.”

न्यायशास्त्रांत शब्द हें एक प्रमाण मानलें आहे. पण वाटेल त्याचा शब्द नव्हे, आप्ताचा. जो वस्तु जशी आहे तशी जाणतो आणि जशी जाणतो तशीच सांगतो, तो आप्त. चाळीस वर्षें आम्हीं हें वाचलें, कांहीं विद्यार्थ्यांना शिकविलेंहि. पण १५०० हा आकडा पाहतांना हा शब्द कोणाचा, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. त्या डबीवर कर्त्याचा धड पत्ताहि नव्हता. चिरंजीवांच्या उदाहरणांतूनहि हेंच निघतें. निकॉननें आपली चूक आपल्या तोंडानें सांगितली आणि त्या बॅटऱ्यांच्या बदल्यांत नव्या विनामूल्य दिल्या. नांवाजलेला माणूसहि चुकतो. पण त्याच्या दारीं जाऊन उभें राहतां येतें. त्या नांवाचे जादा पैसे आपण मोजतों ते मुख्यतः ह्या दारासाठीं.

ही कसोटी लावली म्हणजे कुलवंत आणि परकी एवढा भेद पुरत नाहीं; वर्ग तीन होतात. एक, कॅमेऱ्याच्या कंपनीची. दुसरी, परकी पण प्रामाणिक: स्वतःचें नांव, पत्ता व हमी देणारी आणि मापाविषयीं फुशारकी न मारणारी. तिसरी, सर्वांत घातक, म्हणजे कंपनीचें नांव चोरून बसलेली तोतया बॅटरी. तिच्यापुढें आमची ती १५०० वालीहि बरी म्हणावयाची. तिनें निदान नांव तरी चोरलें नव्हतें. खऱ्या कंपनीचा माल अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा, हाच तोतयावर खात्रीचा उपाय. परकी घ्यावयाची तर भारतीय मानक ब्यूरोचें नोंदणीचिन्ह, आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि ‘आर-’ ह्या अक्षरानें आरंभ होणारा नोंदणीक्रमांक हीं तीन पाहावीं. त्याच मापाच्या कुलवंत बॅटरीहून आकडा फारच मोठा असेल तर नमस्कार करून परत फिरावें.

अखेर दोन बॅटऱ्या आल्या: एक कंपनीची, घरच्या कार्यांसाठीं, दुसरी प्रामाणिक परकी, मुलांच्या रोजच्या हौसेसाठीं. आणल्याबरोबर नातवानें दोन्ही पूर्ण भरून, फोटो काढून, पार रिकाम्या होईपर्यंत तपासल्या. बरेच दिवस काम नसेल तेव्हां त्या अर्ध्या भरून, कॅमेऱ्याबाहेर, थंड जागीं ठेवावयाच्या असा नियम केला. कारण पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यांत माळ्यावर पडून राहिली तर कुलवंत असो कीं परकी, तिचें आयुष्य घटतेंच. जुनी १५०० वाली पुढें पोटांत वायु धरून फुगली. फुगलेली बॅटरी दाबूं नये, टोचूं नये, केरांत टाकूं नये. बॅटऱ्यांच्या कचऱ्याविषयीं २०२२ सालीं केंद्र सरकारनें नियम केले आहेत. त्यांस अनुसरून आम्हीं ती संकलनकेंद्रांत पोंचती केली.

त्या वर्षींच्या भाऊबीजेस पाट मांडतांना सौभाग्यवतींनीं “समईंत तेल घातलें का?” असें विचारलें आणि त्याच श्वासांत “बॅटरी पाहिली का?” असेंहि विचारलें. नातवानें दोन्ही बॅटऱ्या वर करून दाखविल्या. त्या दिवशींचे सर्व फोटो निघाले.

सहस्रचंद्रदर्शनाचा एक फोटो बंधूंच्या खोलींत लावला आहे. त्यांत अक्का एका कडेला बसून निरांजन लावीत आहेत. मान खालीं, चेहरा अर्धाच दिसतो. बॅटरी बंद पडण्यापूर्वींचा तो शेवटचा फोटो. त्याच्या पुढचा फोटो नाहीं.