अकिहाबारा ते ओसाका : दादाला पत्रे

टोकियो, एप्रिल

ति. दादास शि. सा. न.

सुखरूप पोचले. देवळांचे आणि फुलांचे फोटो वहिनीला पाठवलेत. हे पत्र फक्त आपल्या वर्कशॉपसाठी आहे, तेव्हा मिरकरवाडा बंदरातलं कोणी होडीवरचा सेट घेऊन आलं असेल तर आधी त्याचं बघ.

अकिहाबाराचं 'रेडिओ सेंटर' रेल्वेच्या रुळांखालीच आहे. वरून सोबू मार्गाची लोकल जाते आणि खाली दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत अशा बोळात सुट्या भागांची दुकानं. दुसरं महायुद्ध संपल्यावर इथे रस्त्यावर रेडिओचे भाग विकणारे जमले होते. जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकनांनी १९४९ साली रस्त्यावरचे ठेले हटवायला लावले, तेव्हा या लोकांना रुळांखाली जागा मिळाली. तिथलंच 'रेडिओ स्टोअर' २०१३ मध्ये बंद झालं. बाहेरच्या रस्त्यावर आता कार्टूनच्या बाहुल्यांचा धंदा मोठा आहे, पण बोळात शिरलं की बाहुल्यांचा विसर पडतो.

मी मालापेक्षा माल लावायची पद्धत बघत उभी राहिले. दुकानदार मधोमध बसतो आणि जागेवरून न उठता हात पोचेल तेवढंच त्याचं दुकान. पुढे तिरके लावलेले उघडे खण, म्हणजे तळाला किती उरलंय ते गिऱ्हाइकालाही दिसतं. एकाकडे फक्त स्विच, दुसऱ्याकडे फक्त कनेक्टर, तिसऱ्याकडे फक्त मीटर. आपल्या काचेच्या कपाटात पुढची रांग भरलेली दिसते आणि मागे काय आहे ते देवाला ठाऊक.

तरी यांची नक्कल सरसकट करू नये, असं माझं मत झालंय. इथल्या दुरुस्तीवाल्याला एखादा भाग कमी पडला तर तो दुपारी येऊन घेऊन जातो. हा सगळा बाजारच त्याचं कोठार आहे. रत्नागिरीहून मुंबईचा लॅमिंग्टन रोड म्हणजे आपला एक दिवस आणि एक रात्र. आपल्याला जास्त साठा ठेवावा लागणारच. पण कशाचा जास्त, हे आपण कधी ठरवलेलं नाही. रेझिस्टरच्या नेहमीच्या मालिकेत एका दशकात बारा किमती, सहा दशकांच्या मिळून बहात्तर. त्या सगळ्या आपण सारख्याच घेऊन ठेवल्या. ४.७ के आणि १० के सारखे संपतात आणि ८२ वाले आबांच्या वेळचे अजून तसेच पडून आहेत.

एक काम लगेच कर. 'एनपीएन' लिहिलेल्या त्या डब्यातले ट्रान्झिस्टर वेगळे काढ. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. जपानी टूएससी १८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. अंगावर नुसतं सी १८१५ छापलेलं असतं, पुढचं टूएस गाळतात. दोन्ही एका डब्यात म्हणजे घाईच्या दिवशी घात. दोन डबे कर आणि झाकणावर पायांचं चित्र काढ, नुसता नंबर नको. तोशिबाने १८१५ बनवणं थांबवलंय, तेव्हा खरे जेवढे आहेत ते जपून ठेव.

आईला म्हणावं, भात रोज मिळतो.

तुझी धाकटी

नागोया

ति. दादास शि. सा. न.

टोकियोहून बुलेट ट्रेनने आले. वाटेत फुजी नदी लागली. तिच्या अलीकडे घरोघरी वीज ५० हर्ट्झची आणि पलीकडे ६० ची, कारण शंभरावर वर्षांपूर्वी पूर्वेकडे जर्मन जनित्रं आणली आणि पश्चिमेकडे अमेरिकन. गाडी मात्र टोकियोपासूनच ६० वर धावते, त्यासाठी वारंवारता बदलणारी केंद्रं बसवलीत. व्होल्टेज दोन्हीकडे १००. म्हणून तू म्हणतोस ते सोल्डरिंग स्टेशन मी घेणार नाही. आपल्या २३० ला ट्रान्सफॉर्मर जोडून वापरायचं आणि एक दिवस पोऱ्याने थेट लावायचं, हे मला आत्ताच दिसतंय. हातची हत्यारं घेते.

इथे टोयोटाचं जुन्या कापडगिरणीतलं संग्रहालय पाहिलं. गाड्या झरझर बघून टाकल्या. साकिची तोयोदांच्या १९२४ च्या मागापाशी मात्र बराच वेळ थांबले. ताण्यातला एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो, त्यावर डोळा ठेवून कोणी उभं राहावं लागत नाही. पुढे टोयोटाच्या मोटार कंपनीत ताइइची ओनो यांनी अमेरिकन सुपरमार्केटची कल्पना घेऊन चिठ्ठ्यांची पद्धत बसवली : पुढचा कामगार लागेल तेवढा माल उचलतो, मालासोबतची चिठ्ठी मागे जाते आणि तेवढाच नवा माल तयार होतो.

आपल्याला यातलं एवढंच पुरे. जो भाग नेहमी लागतो त्याची दोन पाकिटं ठेवायची. एक उघडं, दुसरं बंद आणि त्यावर चिठ्ठी : नाव, किती मागवायचे, कुठून. बंद पाकीट फोडलं की चिठ्ठी टेबलावरच्या खिळ्याला लागली पाहिजे. शनिवारी खिळ्यावरच्या चिठ्ठ्या घेतल्या की ऑर्डर तयार. तुझी ती वही बंद कर. वहीत आपण लिहितो ते आठवलेलं, आणि माणसाला आठवतं ते कालचं. फ्यूज, रेग्युलेटर आणि होड्यांच्या सेटचे पॉवर कनेक्टर यांच्यापासून सुरुवात कर. खाऱ्या हवेने कनेक्टरच आधी जातात.

बारीक भागांच्या पाकिटांवर मापाचा आकडा सांभाळ. आपण इंचातलं माप बोलतो, जपानी मिलिमीटरमधलं. आपलं ०६०३ म्हणजे त्यांचं १६०८. आणि त्यांच्या पाकिटावर ०६०३ असेल तर तो ०.६ गुणिले ०.३ मिलिमीटरचा कण, आपल्या भाषेत ०२०१, जो तुझ्या चष्म्यालाही दिसायचा नाही. दोन्ही आकडे लिहून ठेव.

तुझी धाकटी

ओसाका

ति. दादास शि. सा. न.

इथल्या निप्पोनबाशीच्या बाजारात हत्यारं घेतली. स्क्रू-ड्रायव्हर खास बघून घेतले. फुरुनोचा फिशफाइंडर उघडताना स्क्रूचं डोकं झिजतं आणि तू खलाशांना बोल लावतोस. दोष आपल्या हत्याराचा आहे. जपानी चौफुलीच्या स्क्रूची खाच आपल्या फिलिप्स टोकाला पुरती बसत नाही, जोर दिला की टोक वर सरकतं. डोक्यावर बारीक ठिपका असेल तो जपानी मापाचा. त्याच्यासाठी हे वेगळे ठेवायचे, मुठीला निळी पट्टी लावून. मिक्सरच्या कामाला कोणी उचलले तर माझ्याशी गाठ आहे.

इथे एका छोट्या वर्कशॉपमध्ये हत्यारांची फळी पाहिली. प्रत्येक पकडीची बाह्यरेषा फळीवर रंगवलेली. संध्याकाळी नुसतं बघून कळतं की काय परत आलेलं नाही. आपल्या भिंतीला हे करता येईल, फळी आणि रंग दोन्ही घरात आहेत.

मला खरी काळजी दमटपणाची आहे. आयसी बंद पिशवीत येतात, आत सिलिका जेल आणि रंग बदलणारं कार्ड असतं. पिशवीवर ओलाव्याची पातळी ३ लिहिली असेल तर ती फोडल्यावर १६८ तासांत आयसी बोर्डावर बसायला हवा, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. जुलैत आपल्याकडे ६० टक्के कुठले! ओल आत शिरलेल्या आयसीला गरम हवा दिली की आतल्या वाफेने त्याचं अंग फुटतं. म्हणून हवाबंद झाकणाचे डबे आणि सिलिका जेल. पुठ्ठ्याची खोकी सगळी बाहेर. फोडलेल्या पिशवीवर तारीख टाक.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र हौसेने साठवू नकोस. ते पडून राहिले तरी आतला ऑक्साइडचा थर झिजतो. जुने वापरायचेच असतील तर मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज चढवून, गळती मोजून, मगच. नवे आले की मागे लाव, जुने पुढे.

१ जूनला मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यालाच असतात आणि सगळे सेट एकदम आपल्या दारात येतात. म्हणजे आपली ऑर्डर मेच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला गेली पाहिजे. मी येईपर्यंत थांबू नकोस. गेल्या दोन पावसाळ्यांच्या पावत्या काढ, कोणता भाग किती गेला ते मोज आणि यादी मला पाठव. जे इथे घेणं परवडेल ते मी इथूनच आणते.

तुझी धाकटी