मुखत्यारपत्र होतं, मृत्युपत्र नव्हतं

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे वाक्य वकिलाच्या नोटिशीत वाचलं तेव्हा आईचा त्यावर विश्वासच बसेना. सांगलीतला फ्लॅट तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे माझ्या मावशीचा. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी आई, बँकेतल्या ठेवींवरही आईच. आणि नोटीस आली होती मावशीच्या सासरहून.

मावशी लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. माहेरी येऊन तिने डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, फंडाच्या पैशातून घर घेतलं. सासरशी संबंध उरला तो लग्नपत्रिकांपुरता. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा एका ओळखीच्या वकिलाकडून तिने आईच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घेतलं. बँकेचे व्यवहार, घरपट्टी, वेळ पडली तर फ्लॅटची विक्री, सगळे अधिकार त्यात होते. मृत्युपत्राचा विषय निघाला तर वकील म्हणाले, "नॉमिनी लावलेत ना? झालं तर मग."

मग तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मावशी डोळे उघडायची, पण ओळख पटत नव्हती. हॉस्पिटलचं बिल रोज चढत होतं आणि तिच्याच मुदतठेवी मोडायच्या होत्या. आई कुलमुखत्यारपत्र घेऊन बँकेत गेली. अधिकाऱ्याने कागद शेवटपर्यंत वाचला, शिक्का पाहिला, पानापानावरची मावशीची घोटीव सही नमुन्याशी ताडून बघितली. सगळं जुळलं. मग त्याने विचारलं, "बाई आता कशा आहेत?" आईने खरं ते सांगितलं. त्याने कागदाची घडी घातली आणि परत दिला.

त्या माणसाचा तेव्हा विलक्षण संताप आला होता. पण तो बरोबर होता. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, अधिकार देणारी व्यक्ती वारली किंवा तिची समज हरपली की दिलेला अधिकार संपतो. म्हणजे आपण अंथरुणाला खिळलो, काही कळेनासं झालं, तर कोणीतरी बघावं म्हणून लोक मुखत्यारपत्र करतात आणि नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं. बेशुद्धावस्थेतल्या माणसासाठी पालक नेमून घ्यायचा तर उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तेव्हा कोल्हापूरचं सर्किट बेंचही नव्हतं. सांगलीच्या माणसाला मुंबईच गाठावी लागायची. आईने पाटल्या मोडल्या आणि बिल भागवलं.

मावशी गेली. बँकेने ठेवी नॉमिनीच्या, म्हणजे आईच्या खात्यात जमा केल्या, सोसायटीने तिचं नाव लावलं. त्यानंतर ती नोटीस आली.

हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. त्याचं कलम 15 सांगतं की मृत्युपत्र न करता स्त्री वारली तर तिची मिळकत आधी मुलांना आणि नवऱ्याला मिळते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. त्यानंतर तिच्या आईवडिलांना आणि मग कुठे वडिलांच्या वारसांना. सख्खी बहीण येते ती या चौथ्या पायरीवर. नवऱ्याचे पुतणे, ज्यांच्यातल्या धाकट्याने मावशीला कधी पाहिलंही नव्हतं, ते दुसऱ्या पायरीवर. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर वारस त्याच्या स्वतःच्या नात्यात शोधतात, सासुरवाडीचा संबंध येत नाही. बाईने स्वतः कमावलेल्या पैशाला मात्र सासरची वाट.

आजोबांच्या शेतातला मावशीचा वाटा तेवढा आईकडे आला, कारण आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मिळकत, मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. सातबारावर आईचं नाव विनातक्रार लागलं. वडिलांच्या जमिनीसाठी कायदा माहेर ओळखतो, फंडाच्या पैशासाठी ओळखत नाही. हे आजही पटत नाही.

न्यायालयात गेलेलं नारायणीदेवींचं प्रकरण याहून वाईट. लग्नानंतर तीन महिन्यांत त्या विधवा झाल्या, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, त्यांनी नोकरी केली आणि 1996 मध्ये मृत्युपत्र न करता त्या वारल्या. त्यांच्या आईने हक्क सांगितला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांच्या बाजूने. सहानुभूतीवर हक्क ठरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. 'कालनिर्णय'च्या जयंत साळगावकरांच्या मागे त्यांच्या म्युच्युअल फंडांसारख्या गुंतवणुकींवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला: नॉमिनी असल्याने मालकी मिळत नाही, वारसा कायदा किंवा मृत्युपत्रच ते ठरवतं.

मावशीच्या पुतण्यांना बरेच दिवस घरात शिव्याशाप मिळाले. पण त्यांच्यातल्या थोरल्याने हॉस्पिटलची बिलं मागवून घेतली आणि सगळी रक्कम आईला देऊन टाकली, घासाघीस केली नाही. फ्लॅट त्यांनी घेतला. कायद्याने तो त्यांचाच होता. त्यांना दोष द्यावा असं आता वाटत नाही. तरी त्या गल्लीतून जाताना राग येतोच.

नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. ते ऐकावं. विशेषतः मूलबाळ नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या, स्वतः कमावणाऱ्या बायकांनी. मुखत्यारपत्र जरूर करावं, पण ते समज शाबूत असेपर्यंतच्या सोयीसाठी. आजारपणापुरती रक्कम जवळच्या माणसाबरोबरच्या संयुक्त खात्यात, दोघांपैकी कोणालाही काढता येईल अशी ठेवावी. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलेलंही चालतं. सही दोन साक्षीदारांसमोर करावी आणि त्यांनीही सही करावी. ज्याला काही द्यायचं आहे त्याला साक्षीदार करू नये. वय झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं. कागद कुठे ठेवला आहे, ते मात्र घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.