मामांचे इंजिन

सिल्वासाहून दुधनीला गेले की मधुबन जलाशय लागतो. तेथे होडीवर मामांचे घर चालते. पावसाळाभर पडून राहिलेले त्यांचे जुने टू-स्ट्रोक इंजिन यंदा भर पाण्यात बंद पडू लागले. नव्यासाठी कर्जच काढावे लागणार होते. मामा म्हणाले, “आधी पेट्रोल कुठे अडतंय ते बघू.”

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. नळीवरचा रबरी फुगा दाबला, तोही घट्ट झाला. मग पेट्रोल काचेच्या बाटलीत काढले, तर तळाशी वेगळा थर! इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. तो फार झाला की पाणी व इथेनॉल खाली बसते. टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटरचे जेट धुतले, ताज्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळले. इंजिन चालले.

वाणिज्य शाखेत आम्ही घसारा काढायला शिकतो. मोडीत काढण्याआधी दोष शोधावा, हे मामांनी शिकवले.