डोंगरातले गाणे

'रॉकबिली' हा शब्द मी प्रथम ऐकला तो वसतिगृहातल्या माझ्या सोबत्याच्या तोंडून. त्याला परदेशी संगीताचे वेड. एके रात्री त्याने मोबाईलवर एक गाणे लावले. गिटार, पायाने वाजविलेला ढोल आणि मधूनच आरोळी! "हे सगळे एकच माणूस करतो आहे," तो म्हणाला. गाणे मला फारसे रुचले नाही. त्यामागची हकीकत मात्र मनात घर करून बसली.

'रॉक' आणि 'हिलबिली' यांच्या जोडणीतून हा शब्द झाला. हिलबिली म्हणजे डोंगरातला अडाणी. अमेरिकेतल्या शहरवासीयांनी थट्टेने दिलेले नाव. जोयडा तालुक्यातून शहरात शिकायला येणाऱ्या आम्हां मुलांना 'जंगलातले' हे विशेषण चांगलेच परिचयाचे आहे! १९५४ साली मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या लहानशा कंपनीने एल्व्हिस प्रेस्लीची पहिली तबकडी काढली. प्रेस्ली जगभर गेला; त्याच वळणाचे गाणारे कितीतरी जण मात्र एखाददुसरी तबकडी काढून विस्मृतीत गेले.

वेस्ट व्हर्जिनियाच्या बून काउंटीत, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखात, हॅझिल ॲडकिन्स राहत असे. वाद्ये आणि गळा तो एकटाच सांभाळी आणि घरातच टेपवर गाणी उतरवून ठेवी. मोठ्या कंपन्यांनी त्याची दखल घेतली नाही. १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये बिली मिलर आणि मिरियम लिना या जोडीने नॉर्टन रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी काढली, ती प्रथम त्याचीच जुनी गाणी प्रसिद्ध करण्यासाठी. २०१२ च्या सँडी वादळात कंपनीच्या गोदामात पाणी शिरले, तेव्हा संगीतप्रेमी मंडळी आपणहून गोळा झाली आणि भिजलेल्या तबकड्या धुऊन वाळवू लागली.

आपल्याकडेही असे वेडे झाले आहेत. पुण्यात सुरेश अलुरकर यांच्या अलुरकर म्युझिक हाऊसने मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्यांचे गाणे कॅसेटवर आणले. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली आणि जुन्या तबकड्यांचा इतिहास लिहिला जाऊ लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी तबकडीवर ऐकून गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याची ओढ लागली, हे आपण जाणतोच. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत केवढे हे सामर्थ्य!

पण एक गोष्ट मला सारखी टोचते. जुने गाणे पुन्हा काढायचे, तर ते आधी कुणीतरी मुद्रित केलेले असावे लागते. नंदिगड्ड्यात भातलावणीच्या वेळी माझी आजी गाते. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. तिच्या जोडीच्या बायका एकेक करून गेल्या. काही गाणी आता एकट्या तिलाच येतात. एखादे कडवे अडले तर विचारायचे कुणाला? कंपनी कितीही ध्येयवेडी असो, जे कधी मुद्रितच झाले नाही ते ती पुन्हा कसे काढणार?

ॲडकिन्स कुणाची वाट पाहत बसला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आजीची अकरा गाणी मोबाईलवर उतरवून घेतली. प्रत्येक गाण्यापुढे तिचे नाव, गाव आणि तारीख लिहिली. "माझे नाव कशाला? गाणे काय मी केले आहे?" तिने विचारले. तिचे म्हणणे खरे होते, तरीही मी नाव खोडले नाही. कारण 'लोकगीत' एवढेच लिहिले की गाणारी बाई नाहीशी होते.

ही गाणी कोंकणीत आहेत आणि आपल्या अंकाचे विभाग मराठी व कन्नड. मग त्यांना जागा कोठे? मला वाटते, अर्थासह दोन्हीकडे. मित्रहो, आपल्या प्रत्येकाच्या गावी अशी एखादी आजी असेलच. पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने एकच गाणे, गाणारीच्या नावासह आणावे. उद्या एखादा वेडा ही गाणी शोधीत आला, तर त्याच्या हाती काहीतरी लागले पाहिजे.