एकाच घरातली दोन दुःखं

संपादकांनी हा विषय सुचवला तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. दिवाळी अंक फराळाच्या ताटाशेजारी वाचला जातो; त्यात मूल गेलेल्या आईबापांवर काय लिहायचं? पण जवळा बाजारचं एक जोडपं उन्हाळ्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्यांच्या घरी यंदा दिवाळी नाही. त्यांना विचारून, ओळख पटणार नाही अशा बेतानं लिहितो आहे.

जवळा बाजार हे परभणी-हिंगोली रस्त्यावरचं, औंढा नागनाथ तालुक्यातलं बाजाराचं गाव. या जोडप्याचा शाळकरी मुलगा शेततळ्यात बुडाला. शेततळ्याच्या आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. शेवाळ धरलं की तो इतका निसरडा होतो की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही उतार चढून वर येता येत नाही, मग लेकराची काय कथा! तळ्याला कुंपण नव्हतं. कडेला दोरही बांधलेला नव्हता.

सासऱ्यांनी सुनेला माझ्या दवाखान्यात आणलं होतं. ‘खात नाही, झोपत नाही, हिला झोपेची गोळी द्या,’ एवढीच मागणी. तुमचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, कसा आहे, विचारलं तर म्हणाले, ‘तो बरा हाय, कामाला लागलाय.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं तरी थकायला होतं. ‘कामाला लागलाय’ ही आमच्याकडे बरं झाल्याची पावती समजली जाते. पुढच्या वेळी त्यालाही घेऊन या, असं सांगितलं.

दोघं आले. ती म्हणाली, ‘ह्यांनी डोळ्यातून टिपूस गाळलं नाही. वर लेकराचं दप्तरसुद्धा माळ्यावर टाकलं.’ तो बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, ‘हिच्या नजरेला पडू नये म्हणून ठेवलं वर. मी रडलो तर हिला कोणी धरावं, डॉक्टर?’ रात्रपाळीची वीज आली की तो मोटार चालू करायला शेतात जायचा आणि तिथं एकटा रडायचा. तो गेला की ती घरात रडायची. तो परत आला की दोघंही डोळे पुसून कोरडे. ती त्याला सांभाळत होती, तो तिला.

नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि सहकाऱ्यांनी मूल गमावलेल्या २१९ जोडप्यांना मृत्यूनंतर सहा, तेरा आणि वीस महिन्यांनी प्रश्न विचारले. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. जोडीदारासाठी आपलं दुःख दाबून ठेवणाऱ्यांचं स्वतःचं दुःख अधिक तीव्र राहिलं, आणि ज्याच्यासाठी दाबलं त्याचंही. मायेपोटी केलेल्या गोष्टीनं दोघांचंही ओझं वाढतं, ही गोष्ट पटवून देणं माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

आता थोडं तांत्रिक. किती दिवसांचं दुःख नैसर्गिक आणि कधीपासून आजार, यावर आमच्यात मोठा वाद आहे, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत जवळचं माणूस गेल्यावर साधारण दोन महिने नैराश्याचं निदान करू नये, अशी सवलत होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती काढली. मग २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ‘प्रदीर्घ शोकविकार’ हे वेगळं निदान आलं. त्याला मोठ्या माणसांसाठी किमान बारा महिन्यांची अट. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ मात्र सहा महिने म्हणते. म्हणजे सातव्या महिन्यात तीच आई एका पुस्तकाप्रमाणे आजारी ठरू शकते, दुसऱ्याप्रमाणे नाही! निव्वळ मुदतीवर निदान होत नाही, हे खरं. सतत ओढ, आयुष्यात अर्थ न वाटणं, रोजचं जगणं ठप्प होणं हेही पाहावं लागतं, आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा ते जास्त आहे का, तेही. पण ही रीत कोण ठरवणार? लहान लेकराला आपल्याकडे बऱ्याच घरांत नुसती माती देतात, मोठ्यांसारखे विधी होत नाहीत. चार दिवसांत लोक पांगतात. ज्या दुःखाला समाजानं जागाच ठेवली नाही, ते ‘रीतीपेक्षा जास्त’ कसं मोजायचं? मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. निदानाचा उपयोग आहे, कारण गरज असलेल्याला उपचार मिळतात. पण या आईच्या कागदावर मी ते लिहिलेलं नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या दुःखाच्या ‘पाच पायऱ्यां’बद्दलही एक तक्रार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या आईबापांना ‘तुम्ही कितव्या पायरीवर?’ असं विचारू नये.

या जोडप्याला मी बाबासाहेब आणि रमाईंचं उदाहरण दिलं. त्यांच्या पाच मुलांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार गेली. यशवंत तेवढे राहिले. राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. पुढच्याच महिन्यात स्नेही दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपलं आणि पत्नीचं दुःख एकत्र मांडलं, सावरल्याचा आव आणला नाही. आणि मार्च १९२७ मध्ये ते महाडला चवदार तळ्यावर होते. काम आणि शोक एकाच माणसात राहू शकतात. कामाला लागलेल्या बापाला दुःख नाही असं बायकोनं समजू नये, आणि रडणारी बायको खचली असं नवऱ्यानं. हे उदाहरण ऐकताना तो पहिल्यांदा माझ्यासमोर रडला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या वेळी कळलं, दप्तर माळ्यावरून खाली आलंय. ते दोघं पूर्ण सावरतील, असं मी म्हणणार नाही. पण रात्री आता ती मोटारीपर्यंत त्याच्यासोबत जाते.

सगळ्यात राग येतो तो ‘दुसरं होईल की’ या वाक्याचा. आमच्या भागात दोन लेकरांनंतर बाईचं ऑपरेशन झालेलं असतं. मूल गेलं की महिन्याभरात नळ्या पुन्हा जोडायच्या चौकशा सुरू होतात. या बाईला तिसऱ्या आठवड्यात विचारलं गेलं. पुढे मूल हवं की नको, हा निर्णय त्या दोघांचा आहे आणि तो घाईनं घ्यायचा नाही. गेलेल्याच्या जागी आणलेलं मूल दुसऱ्याचं आयुष्य अंगावर घेऊन वाढतं, हे अल्बर्ट आणि बार्बरा केन यांनी १९६४ सालीच लिहून ठेवलं आहे.

तुमच्या भावकीत अशी पहिली दिवाळी असेल तर फराळ घेऊन जरूर जा. लेकराचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा, आणि बापालाही विचारा, ‘तू कसा आहेस?’ तळ्याला लक्ष कोणी द्यायचं होतं, हे विचारू नका. तो प्रश्न ते दोघं रोज स्वतःला विचारतात. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर एकटं सोडू नका, १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि शेतात तळं असेल तर पाडव्याच्या आत त्याला कुंपण घाला, चारी कडांना दोर सोडा.