काय ठेवायचं, काय काढायचं

मागच्या जानेवारीत आमच्या सरांनी मला एक एक्सेल फाईल पाठवली. ‘पॅटर्न स्टोअर फायनल’. आत ४१२ ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एका लाकडी पॅटर्नचा नंबर आणि शेवटी एक रिकामा कॉलम: ‘ठेवायचं / काढायचं’. खाली मेसेज होता, ‘मार्चएंडच्या आत भर. एक रॅक ठेवू. बाकीचा टेम्पो लावू.’

मी कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काम करते. पंचतारांकित म्हटलं की बाहेरगावच्या मैत्रिणींना स्विमिंग पूल आठवतो. आमच्याकडं वाळू असते. वाळूत पॅटर्न दाबायचा, उपसून घ्यायचा, जो खड्डा उरतो त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. म्हणजे पॅटर्न ही मूळ वस्तू आणि कास्टिंग ही तिची नक्कल. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. त्यासाठी जुन्या पॅटर्न मेकरकडं वेगळी पट्टी असायची. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब असतो. वाळू न मोडता वस्तू वर निघावी म्हणून प्रत्येक बाजूला बारीक उतार द्यायचा. हे सगळं एके काळी सागवानावर, रंधा आणि पटाशीनं व्हायचं. आता आमच्याकडं पॅटर्न अॅल्युमिनियमचे असतात, मशीनवर कापलेले. लाकडी पॅटर्न स्टोअरमध्ये धूळ खात होते. जागा नव्या मशीनला हवी होती. यात कुणाची चूक नाही.

हे काम मलाच का दिलं, ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. ‘तिला चित्रकलेचं आहे.’

मला चित्रकलेचं ‘होतं’. दहावीनंतर कोल्हापुरात एक वर्ष मी कलेचा फाउंडेशन कोर्स केला. माझं ड्रॉइंग नीट होतं. नीटच होतं. शेजारच्या बाकावर एक मुलगा बसायचा. तो पेन्सिल धरायचा आणि समोरच्या म्हाताऱ्या मॉडेलची मान कागदावर दुखायला लागायची. मी काढलेली मान फक्त मान असायची. वर्ष संपलं तसा मी मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश घेतला. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी काय टाकलं ते कुणाला सांगितलं नाही.

तर ती फाईल. पहिल्या दिवशी मी दिसायला सुंदर असलेले पॅटर्न ‘ठेवायचं’मध्ये टाकले: गोल कडांचे, सागाचा पोत दिसणारे, इन्स्टाग्रामवर शोभतील असे. संध्याकाळपर्यंत साठ झाले आणि रॅकवर बसणार होते चाळीस. रात्री रूमवर बसून मी शोधायला लागले की म्युझियमवाले हे कसं ठरवतात. फोनवर एकातून दुसरं उघडत गेलं आणि बाराच्या सुमारास मी १८१६ सालच्या पॅरिसमध्ये पोहोचले.

नेपोलियन हरला होता. त्यानं युरोपभरातून लुटून आणलेली चित्रं आणि शिल्पं आपापल्या देशांनी परत नेली होती. लूव्रच्या भिंती जागोजागी रिकाम्या झाल्या होत्या. नेपोलियनच्या काळात लूव्र सांभाळणारा दनों पायउतार झाला होता. फ्रान्सच्या गादीवर परत आलेल्या राजानं त्याच्या जागी राजेशाही संग्रहालयांचा संचालक म्हणून नेमला काउंट द फोर्बां. हा माणूस स्वतः चित्रकार, दाविदसारख्या मोठ्या चित्रकाराचा विद्यार्थी. त्याची चित्रं मी फोनवर मोठी करून बघितली. नीट होती. नीटच.

फोर्बां त्या खुर्चीवर १८४१ साली मरेपर्यंत राहिला. त्यानं दोन गोष्टी केल्या, ज्यांमुळं मी त्या रात्री झोपले नाही. पहिली म्हणजे १८१८ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्यात जिवंत चित्रकारांसाठी वेगळं संग्रहालय सुरू झालं, ते त्याच्या कारकिर्दीत. मेलेल्यांचं जपायला सगळेच तयार असतात. शेजारच्या बाकावरच्याचं चित्र विकत घेऊन भिंतीवर लावायला वेगळी छाती लागते.

दुसरी गोष्ट एका तराफ्याची. १८१६ साली ‘मेड्युस’ नावाचं फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं. कप्तान वशिल्यानं नेमलेला होता आणि त्यानं वर्षानुवर्षं जहाज चालवलं नव्हतं. होड्या कमी पडल्या, म्हणून १४७ जणांना एका तराफ्यावर चढवून समुद्रात सोडून दिलं. सुटका झाली तेव्हा त्यांतले १५ जिवंत होते. झेरिको नावाच्या तरुण चित्रकारानं यावर सोळा फूट उंच आणि तेवीस फूट रुंद चित्र काढलं. ते १८१९च्या प्रदर्शनात लागलं. सरकारला अडचणीचंच होतं ते, कारण कप्तान त्यांचाच माणूस. १८२४च्या जानेवारीत झेरिको वारला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. चित्र तसंच पडून होतं. एवढं मोठं चित्र घेणार कोण? कापून तुकडे करून विकतील, अशी धास्ती होती. फोर्बां राजाचा नोकर, तरी ते सरकारनं घ्यावं म्हणून मागं लागला. शेवटी लिलावात झेरिकोच्या एका मित्रानं ते सहा हजार पाच फ्रँकला उचललं आणि तेवढ्याच किमतीत लूव्रला दिलं. ते आज तिथंच आहे. फोर्बांची स्वतःची चित्रं बघायला मात्र लूव्रला कुणी जात असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, मला जुने मिस्त्री पाहिजेत. पॅटर्न कुठला, कशाचा, ते मला कळत नाही. आमच्याकडून रिटायर झालेले मिस्त्री एमआयडीसीच्या शेजारीच, कसबा सांगावात राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा आले, स्टोअरच्या दारात चप्पल काढून उभे राहिले. मी म्हटलं, मामा, चप्पल राहू द्या, खिळे असतील. ते म्हणाले, “असू देत की.”

त्यांनी माझी साठाची यादी बघितली. “पोरी, हे सगळं चकचकीत धरलंईस तू. हे एकदा वापरलं आन् ठेवून दिलं, म्हणून चकचकीत हाय.” मग कोपऱ्यातला एक काळपट तुकडा पायानं सरकवून पुढं घेतला. ऑइल इंजिनाची बॉडी होती. तिच्यावर सात ठिकाणी ठिगळं होती, कुठं पुट्टी, कुठं पत्रा. “ह्यानं किती शेतकऱ्यांचं पाणी उपसलंय, म्हाईत हाय काय? दर वेळी गिऱ्हाईक सांगायचं, हितं जाड करा, तितं बारीक करा. ही सगळी दुरुस्ती ह्यात हाय.” माझ्या यादीत त्या ओळीसमोर ‘काढायचं’ होतं.

त्या रविवारी मी भावाला घेऊन बाईकवर औंधला गेले. सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं औंध. फ्रान्समधला तो संचालक वाचल्यापासून डोक्यात होतं की आपल्याकडं असं कुणी होतं का. कऱ्हाडच्या पुढं रस्ता उजाड होत जातो. मग यमाईचा डोंगर दिसतो आणि चढावर श्री भवानी संग्रहालय.

हे संग्रहालय १९३८ सालचं. उभारलं औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. संस्थान चिमुकलं, अवघ्या ७२ गावांचं. स्वतः राजाच संचालक, राजाच खरेदी करणारा आणि राजाच चित्रकार. त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचं ‘चित्ररामायण’ १९१६ साली छापून निघालं. सूर्यनमस्कार गावोगाव पोहोचवणारे ते हेच. आतमध्ये राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, पहाडी लघुचित्रं आहेत, चंदनाचं कोरीवकाम आहे. हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प आहे, खटाव तालुक्यात! आणि युरोपातल्या गाजलेल्या कलाकृतींच्या नकलासुद्धा आहेत. आधी मला त्या नकलांचं हसू आलं. मग आमची वाळू आठवली. १९३८ साली इथल्या शाळेतल्या पोराला इटलीला कोण नेणार होतं? नक्कल म्हणजे तिथून इथवर पोचलेली वस्तू. आम्ही रोज तेच तर करतो.

उजेड छतातून येतो. दिवे कमी, आकाश जास्त. आमच्या शेडलाही मधे मधे पारदर्शक पत्रे आहेत. दुपारी बारा वाजता मोल्डिंग लाईनवर असाच उजेड पडतो.

पंतांची स्वतःची चित्रं मी बराच वेळ बघत उभी राहिले. भाऊ म्हणाला, “रविवर्म्याशेजारी यांची कशी वाटतात?” मी म्हटलं, नीट. पण हे त्यांनाही कळत असणारच. ज्याला हातात ब्रश धरून आपली हद्द कळली आहे, त्यालाच शेजारच्या भिंतीवरचं मोठं चित्र किती मोठं आहे ते बरोबर दिसतं. असा माणूस मग दोनपैकी एक करतो. कुढतो, किंवा त्या मोठ्या चित्रासाठी भिंत बांधतो. त्याच १९३८ साली या राजानं आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि १९३९च्या जानेवारीत तशी घटना लागू केली. संग्रह आणि राज्य, दोन्ही लोकांसाठी मोकळं करणं त्यांना एकाच वर्षी सुचलं.

त्यांच्या एका दोस्ताची गोष्ट तर थेट आमच्या धंद्यातली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत, हे तिथं लक्षात आलं. चित्रकला सुटली, ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. पुढं बेळगावात लोखंडी नांगर करू लागले, पण कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा, १९१० साली, बाळासाहेबांनी त्यांना औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. चित्रकार राजानं चित्रकार न झालेल्या माणसासाठी जागा केली. तिथं लोखंड ओतलं गेलं, नांगर झाले. परतताना मी भावाला हे गाडीवर मागून ओरडून सांगत होते. तो म्हणाला, घट्ट धर.

जपणारा नसला की काय होतं, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आबालाल रहमान. शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार. महाराज १९२२ साली गेले आणि आबालाल यांनी आपली ढीगभर चित्रं पाण्यात बुडवली, असं सांगतात. खरं किती, आख्यायिका किती, हा वाद सोडून द्या. बघणारा गेला तर चित्र कुणासाठी, हा प्रश्न त्या गोष्टीत आहे आणि तो खरा आहे.

सोमवारी मी फाईल पहिल्यापासून भरायला घेतली. मामा रोज दोन तास यायचे, मी चहा सांगायचे. सुंदर म्हणून ठेवलेल्यांतले बरेच गेले. ठिगळांचं इंजिन आलं. उसाच्या चरख्याचं गिअर आलं. एक कोअर बॉक्स उलटा बनवला होता, डाव्याचा उजवा. मामा म्हणाले, “हे माझं. पयल्या वर्षीचं. ठेकेदारानं लई बोललं हुतं.” मी तो ठेवला. ते म्हणाले, नको. मी म्हटलं, मामा, यादी माझी आहे.

एक गोष्ट मात्र हुकली. लाकडाच्या कप्प्यांचं एक मोठं चाक होतं. मधला भाग एका तुकड्याचा न ठेवता सोळा फाका जुळवून केलेला, म्हणजे लाकूड फुगलं तरी वाकडं होऊ नये. मी ते ‘नंतर ठरवू’ म्हणून सोडलं होतं. एक्सेलमध्ये तसा पर्याय नव्हता, ओळ रिकामी राहिली. रिकामी ओळ म्हणजे ‘काढायचं’, असं टेम्पोवाल्याला कुणीतरी सांगितलं. मला कळलं तेव्हा टेम्पो हायवेला लागला होता. दोष माझाच. फोर्बांनी ‘नंतर ठरवू’ म्हटलं असतं तर तो तराफाही असाच कुठंतरी तुकड्यांनी गेला असता.

आता कँटीनच्या वाटेवर एक रॅक आहे. त्यावर ४० पॅटर्न आहेत. काच लावली नाही, कारण मामा म्हणाले, हात लावल्याशिवाय उतार कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत पोरं येताजाता हात लावतात. कॅज्युअलवर आलेल्या एकानं परवा विचारलं, “मॅडम, हे सगळं हातानं?”

फाईलमध्ये मी एक कॉलम वाढवला: ‘कुणी केलं’. मामांना आठवली तेवढी नावं लिहिली. ४०पैकी २३ भरली. उरलेल्या १७ ओळींसाठी ते पुढच्या आठवड्यात आणखी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन येणार आहेत. त्या दिवसासाठी मी खूप वर्षांनी एक स्केचबुक आणलंय. दोघांचे हात काढायचे आहेत. नीट आले तरी चालतील.